उद्या मिठाला ये

सोमवार, ७ ऑक्टोबर

ही डायरी १९९८ सालची आहे. नरेंद्रकाका डॉक्टर होते तेव्हा कुठल्याशा औषध कंपनीने दिलेली, अजून कोरी करकरीत. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहितेय. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलंय, 'आज रक्तदाब मोजलात का?' वीणाकाकू म्हणाल्या, "घे, लिही रोज काहीतरी. एका जागी बसायची सवय तरी होईल."

टोमणा होता. मान्य आहे. माझा जन्म नोव्हायचा म्हणून पासपोर्ट अमेरिकेचा, पण वाढले इचलकरंजीत. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला आणि चौदा महिन्यांपूर्वी इकडे आले. मॉरिसव्हिलला पाळणाघरात सहा आठवडे. नोव्हायला केटररकडे सात. आता नेपरव्हिलला, बाबांच्या मामेभावाकडे, म्हणजे नरेंद्रकाकांकडे. कुठल्याही कामाचा आठवा आठवडा मी अजून बघितलेला नाही.

तर आज. काकूंनी सकाळी दुकानात पिटाळलं. "मीठ आण. फक्त मीठ. परत सांग काय आणायचं?" "मीठ." दुकानाबाहेर एक माणूस भोपळ्यांना तोंडं कोरत होता. मी बघत उभी राहिले तर त्याने सुरीच हातात दिली. दोन तास कुठे गेले कळलंच नाही. घरी आले ती भोपळा घेऊन. काकू बघतच राहिल्या. त्यांचे केस अगदी आखूड कापलेले आहेत, रागावल्या की ते उभे राहतात असं मला वाटतं.

"जा आता शेजारी. वाटीभर माग. आणि हातात नको हं घेऊस, भांडणं होतात. वाटीतच घे."

शेजारी असुंता म्हणून इटालियन आजी राहतात, एकट्या. दार उघडलं त्यांनी. वाऱ्याने माझी वेणी अर्धी सुटलेली, हात भोपळ्याने केशरी, हातात रिकामी वाटी. म्हटलं, "गुड मॉर्निंग, थोडं मीठ मिळेल का?"

यार, त्या पांढऱ्याफटक पडल्या. छातीवर क्रूस काढला. आत जाऊन मिठाचा अख्खा डबा आणला, माझ्या पायाशी ठेवला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"तू आलीस कशी?"

"अशीच, वाऱ्यासारखी. मी एका जागी टिकत नाही."

"रात्री झोपतेस?"

"फारशी नाही."

त्यांनी मान हलवली, सगळं समजल्यासारखी. अख्खा डबा! इतकी दिलदार बाई मी अमेरिकेत पाहिलेली नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

नोकरी लागली! घरबसल्या! असुंताआजींचा मुलगा डॉमिनिक, फीनिक्सला असतो. त्याचा फोन. म्हणे आईने स्वतःहून सांगितलंय, शेजारची वेणीवाली मुलगी रोज घरी यायला हवी, तिला लांब ठेवण्यात अर्थ नाही. "आईने गेल्या तीन बायका हाकलल्या. तू काय केलंस?" मी म्हटलं, मीठ मागितलं. त्याने लगेच पगारच सांगितला.

काम म्हणजे सोबत करायची, बाजारहाट करायची आणि संध्याकाळी एक फॉर्म भरून त्याला पाठवायचा. फॉर्मवर तीन प्रश्न, हो की नाही. दारांखिडक्यांपाशी विचित्र वस्तू ठेवतात का? समोर नसलेल्या व्यक्तींशी बोलतात का? काही धोक्याचं घडलं का?

आज तिन्ही 'नाही'. सोप्पं आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

या बाईकडे काय गोष्टी आहेत! नेपल्सच्या आत, डोंगरात बेनेव्हेंतो म्हणून गाव आहे, त्याच्याजवळच्या त्या. तिथे जनारा असतात. म्हणजे चेटकिणी, पण दिवसा साध्या बायका. तुमची शेजारीण असेल, वाणीण असेल. रात्री वारा होऊन दाराच्या फटीतून शिरतात. म्हणून दाराशी झाडू उलटा उभा करायचा, काड्या वर. जनाराला काड्या मोजल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, आणि मोजता मोजता उजाडतं. उंबऱ्यावर मीठ टाकलं तरी तेच, कण मोजत बसते.

आजींच्या दाराशी खरंच झाडू उलटा उभा आहे. उंबऱ्यावर मीठ आहे. मग फॉर्मवर काय लिहायचं? पण यात विचित्र काय? काकूंच्या गॅरेजमध्ये गाडीच्या वर लिंबू-मिरची टांगलेली आहे, आणि गाडी काढताना त्या लिंबाशी बोलतात. तळघरात दिव्याखाली ठेवलेल्या तुळशीला रोज विचारतात, "थंडी वाजते का गं?" 'नाही' लिहिलं. 'नाही'.

आणखी एक भारी आहे. जनारा कोण हे ओळखायचं असेल तर वारा खिडकी वाजवायला लागला की ओरडून सांगायचं, "उद्या मिठाला ये!" दुसऱ्या दिवशी सकाळी जी बाई मीठ मागायला दारात येईल, तीच.

हे सांगताना आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी म्हटलं, "बिचारी! तिच्या घरचं मीठ खरंच संपलेलं असेल तर?"

त्यांनी मला बिस्किटं दिली. खूप दिली.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आजींच्या मागच्या अंगणात काळ्या अक्रोडाचं प्रचंड झाड आहे. या दिवसांत अक्रोड छपरावर आपटतात, धाड, धाड, कोणी वर नाचतंय असं वाटतं. बेनेव्हेंतोच्या साऱ्या जनारा नदीकाठच्या एका अक्रोडाखाली जमून नाचायच्या. आजी म्हणाल्या, "अख्खी अमेरिका पडली होती. आणि माझ्या कार्लोने घर घेतलं ते अक्रोडाखाली. मी तीन दिवस रडले. तो म्हणाला, सावली बघ किती छान!" कार्लो म्हणजे त्यांचे यजमान, गेले. त्यांची टोपी अजून खुंटीला आहे.

मी अक्रोड गोळा करायला गेले. खारींशी शर्यत लावली. एक खार इतकी आगाऊ होती की मी तिच्यामागे झाडाभोवती चार फेऱ्या मारल्या, गाणं म्हणत. वर बघितलं तर खिडकीत आजी. हात हलवला. हात काळेकुट्ट झाले होते, अक्रोडाच्या सालीचा डाग आठवडाभर जात नाही म्हणे. आजींनी पडदा ओढून घेतला. उन्हाचा त्रास होत असेल.

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज सुट्टी नाही घेतली. हे मी लिहितेय हेच विशेष.

त्यांच्या हॉलमध्ये डॉमिनिकच्या लहानपणचा लाकडी झुलता घोडा आहे, खऱ्या केसांची आयाळ. बोलता बोलता माझ्या बोटांनी तिच्या बारीक बारीक वेण्या घातल्या, मला पत्ताच नाही. माझी बोटं अशीच. नोव्हायला केटररच्या टेबलक्लॉथच्या झालरी मी वेणल्या होत्या, त्यावरूनच तिथलं बिनसलं. आजी कॉफी घेऊन आल्या, घोडा बघितला आणि कप पडला. "आमच्या गावी," त्या म्हणाल्या, "जनारा येऊन गेली की सकाळी घोड्यांच्या आयाळीला वेण्या असतात."

"मग आमच्या गावची प्रत्येक आई जनारा आहे! शाळेत जाण्याआधी दोन दोन घालते."

मग त्या सांगायला लागल्या की जनाराला पकडायचं कसं. ती केसांत सापडते. मागून केस गच्च धरायचे, मग ती एक प्रश्न विचारते, आणि त्याचं उत्तर... तेवढ्यात बाहेर शेसव्वाशे रानबदकं रस्ता ओलांडायला लागली आणि गाड्या थांबल्या. मी धावले बघायला. परत आले तर गोष्ट संपली होती.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

न्यू ऑर्लिन्सच्या दलदलीतल्या मगरींचा व्हिडिओ बघितला. होडीतून नेतात! २ नोव्हेंबरचं बसचं तिकीट काढलं, सकाळी साडेनऊची. काढून झाल्यावर छातीत नेहमीसारख्या गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. थोड्याच झाल्या. पोट बिघडलं असेल.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज रक्तदाब मोजायलाच हवा होता!

दुपारी मी आजींच्या स्वयंपाकघरात ओट्याशी टोमॅटो चिरत होते. मागून दोन हातांनी माझी वेणी धरली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पकड पहिलवानाची. मी किंचाळले, "अहो! काय धरलंय तुम्ही?"

"लोखंड आणि पोलाद!" आजी गरजल्या.

"काय?"

"लोखंड आणि पोलाद! 'केस' म्हटलं असतं तर माशासारखी निसटली असतीस. मला माहीत आहे. माझ्या आजीने शिकवलंय." पकड आणखी आवळली. "आता वचन दे. तुला सोडते. पण सात पिढ्या हे घर सांभाळशील. मला इथून कोणी हलवणार नाही."

हसावं की रडावं! मान मागे, हातात सुरी, गालावर टोमॅटो. म्हटलं, "दिलं! सात पिढ्या! सोडा आता!"

सोडली. मग खुर्चीत बसून इतकी रडली की मी अर्धा तास पाठीवरून हात फिरवत होते. (आता 'ती'च म्हणणार. जिने माझी वेणी धरली तिला कसलं 'त्या'.)

म्हणजे मी! मी जनारा! मीठ, वारा, काळे हात, खार, घोडा, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं आणि मी घरी येताना फुटपाथवर एकटीच खो खो हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला एखाद्या कामासाठी इतकं लायक समजलंय.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

काकांना सांगितलं. ते हसले, मग म्हणाले, "फॉर्म दाखव." वाचून चष्मा काढला.

"अगं आरोही, हा फॉर्म कशाचा आहे कळतंय का तुला? मुलगा ठरवतोय की आईला एकटीला ठेवायचं, की घर विकून फीनिक्सला वृद्धांच्या घरात न्यायचं."

"पण मी सगळीकडे 'नाही' लिहिलंय."

"उंबऱ्यावर मीठ, दारात उलटा झाडू, खिडकीतून वाऱ्याला आमंत्रण. आणि तू तिन्ही 'नाही'?"

"त्यात विचित्र काय आहे?"

काका तळघराच्या जिन्याकडे बघत राहिले. खाली काकू तुळशीच्या दिव्याचा टायमर लावताना तिची माफी मागत होत्या, उशीर झाला म्हणून. "हं," काका म्हणाले. "तोही मुद्दा आहेच."

मग म्हणाले, "पण तिला खरं सांग. तू कोण ते."

शनिवार, २६ ऑक्टोबर

सांगितलं. "आजी, मी जनारा नाही. मी इचलकरंजीची आहे."

ती शांतपणे म्हणाली, "दिवसा तुला ते आठवत नाही. कोणालाच आठवत नाही."

मी वेणी पुढे घेतली आणि टोमॅटो चिरायला बसले.

सोमवार, २८ ऑक्टोबर

हे लिहावंसं वाटत नाहीये.

सकाळी गेले तर घरभर धूर. कॉफीचं भांडं गॅसवर कोरडं होऊन काळं, मूठ वितळलेली. आजी वर बाथरूममध्ये गाणं म्हणत. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, भांडं कचऱ्यात तळाशी दडपलं. ती खाली आली. "कॉफीचं भांडं कुठे गेलं?" म्हणाले, मी पाडलं.

फॉर्मवर तिसरा प्रश्न. धोक्याचं काही घडलं का? 'नाही' लिहिलं. अर्धा तास पेन हातात होतं.

मी दहा मिनिटं उशिरा गेले असते तर? मला दहा मिनिटं उशीर होतोच. नेहमी होतो. वाटेत खार असते.

डॉमिनिक गुरुवारी येतोय. मी शनिवारी मगरी बघायला चालले आहे. सात पिढ्यांची जनारा!

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

क्रमाने लिहिते, नाहीतर भरकटेन.

यंदा इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच दिवशी. काकूंनी परवापासून सांगितलेलं, पूजेला नवा झाडू आण. काडीचा. आणि मीठ, लक्ष्मीपूजनाला नवं मीठ लागतं. मी चारला परत आले ती चांदण्यांची माळ घेऊन. (फार सुंदर आहे. निळी.)

"मागच्या वर्षी व्हॅक्यूम क्लीनरला कुंकू लावलं!" काकू ओरडल्या. "यंदा परत? लक्ष्मी काय म्हणेल?" मग एकदम थांबल्या. "असुंताकडे आहे ना गं खरा झाडू?"

साडेचारला मिरवणूक शेजारी. पुढे काकू पैठणीत, मागे मी, मागे काका तबक घेऊन, चेहऱ्यावर आपला काही संबंध नसल्याचा भाव. आजीने दार उघडलं. काकूंनी दाराशी उलटा उभा झाडू पाहिला.

"अगंबाई! लक्ष्मीला डोक्यावर उभी केलीय!" आणि उचलून आडवा केला.

"नो! नो!" आजीने परत उभा केला. "आडवा म्हणजे दार उघडं!"

"उभा म्हणजे घरात पैसा टिकत नाही, सांग तिला आरोही!"

"तिला सांग, पैसा गेला चुलीत, इथे जनारा शिरेल!"

"जनारा शिरलेलीच आहे ना," काका म्हणाले.

दोघी झाडूची दोन टोकं धरून उभ्या. शेवटी मी तह केला. झाडू भिंतीला तिरका टेकवला, काड्या वर, आणि काड्यांना हळद-कुंकू. आजीने कुंकू निरखलं. "लाल चांगलं आहे," ती म्हणाली, "आमच्याकडेही लाल नजरेला चालतं." काकूंनी लगेच तिलाही लावलं, कपाळभर. दोघी हात जोडून झाडूसमोर. काका निरांजन धरून. उंबऱ्यावर मीठ, त्यावर माझी निळी चांदणी.

आणि फाटकात डॉमिनिक. पन्नाशीचा, दमलेला, हातात बॅग आणि वृद्धांच्या घराचं चकचकीत माहितीपत्रक.

"हे... हे काय चाललंय?"

"पूजा," काका म्हणाले. "मी डॉक्टर आहे."

"डॉक्टर, हे नॉर्मल आहे?"

"आमच्याकडे वर्षातून एकदा. तुमच्या आईकडे रोज. फरक एवढाच."

काकूंनी त्याच्या हातात चकली दिली. तो खात खात फॉर्मचा गठ्ठा काढून माझ्याकडे वळला. "तू सगळीकडे 'नाही' लिहिलंयस."

"कारण मला काही विचित्र वाटलंच नाही." इथे थांबता आलं असतं. आजी माझ्याकडे बघून हसत होती, कपाळभर कुंकू. माझं तोंड मात्र चालूच राहिलं. "पण एक खोटं लिहिलंय. सोमवारी गॅस चालू राहिला होता. कॉफीचं भांडं जळलं. मी लपवलं."

आजीचं हसू गेलं. मला वाटलं, झालं. लोखंडही गेलं आणि पोलादही.

डॉमिनिक पायरीवर बसला. "झाडू आणि मिठाचं मला काय! त्यातच वाढलोय. मला गॅसचीच भीती आहे गं. रोज फोन करतो, तिसऱ्या रिंगलाही उचलला नाही की मी तिकडे ऑफिसात उभा राहतो."

तेवढ्यात हॅलोवीनचे वेश केलेली तीन पोरं आली, एक सांगाडा आणि दोन मधमाश्या, पिशव्या पुढे करून. आजीने त्यांना मूठमूठ चॉकलेटं दिली, मधमाशीच्या गालाला हात लावला, आणि वळून मुलाला म्हणाली, "वरची खोली रिकामी आहे. ही राहील. तिने शब्द दिलाय."

सगळे माझ्याकडे. खिशात फोन, फोनमध्ये तिकीट, तिकिटावर मगरी.

"राहशील?" डॉमिनिक म्हणाला. "आधीच्या तिघीही दोन आठवड्यांत गेल्या. खरं सांग. किती दिवस?"

मी म्हटलं, "सात पिढ्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या वेणीकडे. मग आईकडे.

"मम्मा. तू हिचे केस धरलेस?"

"दोन्ही हातांनी," आजी म्हणाली.

तो इतका हसला की चकलीचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, ते बराच वेळ थांबलंच नाही. माहितीपत्रक त्याने घडी घालून दिवाणखान्याच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल एकदम स्थिर!

शनिवार, २ नोव्हेंबर

वरची खोली माझी. काल डॉमिनिकने गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसवून घेतलं आणि विमानाने गेला. छपरावर अक्रोड, धाड, धाड. आठवा आठवडा नोव्हेंबरच्या शेवटी येईल, कसा असतो ते बघू.

काल संध्याकाळी वारा सुटला. आजी खिडकीपाशी गेली आणि बाहेर ओरडली, "उद्या मिठाला ये!"

"अहो आजी, मी आत आहे!"

"तू आत आहेस," ती म्हणाली, "मग बाहेर कोण वाजवतंय?"

आज सकाळी साडेनऊला बस गेली असेल. मला बघता आली नाही, कारण नेमकी तेव्हाच बेल वाजली. आम्ही दोघींनी मिळून दार उघडलं.

दारात वीणाकाकू. हातात रिकामी वाटी. "पाडव्याचा स्वयंपाक अर्धा झालाय आणि घरात मिठाचा कण नाही, हिचा तो डबा फराळातच संपला! आरोही, महिनाभर सांगतेय तुला. पहिल्यांदा पाठवलं होतं तेही माझ्यासाठीच, आठवतंय का?"

मी ते आजीला इंग्रजीत सांगितलं आणि तिने क्रूस काढला. काकूंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पैठणीपासून आखूड कापलेल्या केसांपर्यंत. मग माझ्या कानाशी आली.

"सुरुवातीपासून हीच होती," ती कुजबुजली. "पण हिला धरायचं कुठे?"